पोरीचं लग्न उज्जैनला लावायचं? आधी हिशेब मांडा, मग तिकीट काढा



३० नोव्हेंबर २०२५ ला उज्जैनमध्ये एक लग्न झालं. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री डॉ. मोहन यादव यांच्या धाकट्या मुलाचं. मुख्यमंत्र्यांच्या घरचं कार्य, त्यात उज्जैन त्यांचं स्वतःचं गाव. मनात आणलं असतं तर केवढा थाट झाला असता! पण लग्न लागलं ते सामूहिक विवाह सोहळ्यात, वीसेक इतर जोडप्यांच्या बरोबरीने, एकाच मांडवात.

ज्याला परवडतं तो माणूस साधेपणाने करतो, आणि ज्याला परवडत नाही तो कर्ज काढून थाट करतो. आपल्या बंदरावर हे चित्र नवीन नाही. हळदीला डीजे, लग्नाला हॉल, परत दुसऱ्या दिवशी रिसेप्शन. पैसा कुठून येतो? व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. मग पुढचा सीझनभर मासळी त्यालाच घालायची, तो देईल त्या भावात. लग्न एका दिवसात उरकतं, पण उचल फिटेपर्यंत बोट आपली असून आपली राहत नाही.

म्हणून आज उज्जैनबद्दल लिहितोय. देवदर्शन होईल, लग्न देखणं होईल आणि खर्च आवाक्यात राहील अशी ती जागा आहे. पण आंधळेपणाने गेलात तर तिथेही खिसा कापला जातो.

उज्जैनच का?

शहरापासून सहा-सात किलोमीटरवर चिंतामण गणेशाचं देऊळ आहे. गाभाऱ्यात गणपतीची तीन रूपं: चिंतामण, इच्छामण आणि सिद्धिविनायक. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. समोर जुनी पायऱ्यांची विहीर आहे, तिला लक्ष्मण बावडी म्हणतात. माळव्यातल्या घरांत लग्नाची पहिली पत्रिका याच गणपतीला देतात. पत्रिकेत मुहूर्त निघत नसेल तर इथे येऊन ‘पाती के लगन’ लिहून घ्यायचे आणि देवाच्या साक्षीने लग्न लावायचं, अशी तिथली जुनी चाल आहे. त्यामुळे या देवळात लग्नं लागणं ही रोजची गोष्ट. मांडव, झुंबर, फुलांची कमान यावर पैसे घालायची गरजच पडत नाही. देऊळ हीच सजावट.

आणि गाव आपल्याला परकं नाही. महाकालाचं आजचं देऊळ उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी. गोपाळ मंदिर बांधलं बायजाबाई शिंदे यांनी. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा मराठ्यांच्या काळातल्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर तिथे नवरा-नवरीचा फोटो काढा, फोटोग्राफरचं पॅकेज फिकं पडेल. क्षिप्रेच्या रामघाटावर संध्याकाळची आरती होते, तिला तिकीट नाही.

तारीख: अर्धा खर्च इथेच ठरतो

आपली अडचण वेगळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच खलाशी, तांडेल, मालक सगळे घरी असतात. पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात आपल्याकडे लग्न धरत नाहीत. २५ जुलैला आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास. म्हणजे बंदीच्या दिवसांत हातात येतो तो साधारण जूनच्या मध्यापासूनचा महिना-सव्वा महिना. त्यातले मुहूर्त गुरुजींकडून पक्के करून घ्या.

त्या दिवसांत कोकणात पाऊस लागलेला असतो. उज्जैनला तो थोडा उशिराने पोचतो, पण पोचतोच. तेव्हा उघड्यावरचं ‘मॅरेज गार्डन’ कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. डोक्यावर पक्कं छप्पर हवं.

कोणते दिवस टाळायचे? महाशिवरात्र, नागपंचमी, श्रावणातले सोमवार, नाताळ-नवं वर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुलं झाल्यापासून उज्जैनची गर्दी खूप वाढली आणि त्याबरोबर खोल्यांचे भावही. शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार धरा. आणि २०२८ ला तिथे सिंहस्थ आहे. त्या वर्षी चैत्र-वैशाखात लग्न काढायचा विचारही करू नका.

जागा कुठे बघायची?

महाकालाच्या दारातली हॉटेलं सोडून द्या, तिथे तुम्ही जागेचे नाही, जवळिकीचे पैसे मोजता. उज्जैनला निरनिराळ्या समाजांच्या धर्मशाळा भरपूर आहेत. बऱ्याच ठिकाणी खोल्या, एक सभागृह आणि स्वयंपाकघर एकत्र मिळतं. चाळीस-पन्नास माणसांचं रिसेप्शन अशा अंगणात छान होतं.

फोनवर भाव ठरवून आगाऊ रक्कम पाठवू नका. घरातली दोन माणसं एकदा जाऊन येऊ देत. जागेवर एवढं विचारा:

१. भाडं २४ तासांचं की सकाळी ठराविक वेळेला खोली रिकामी करायची?
२. आपला हलवाई चालेल का, की त्यांच्याकडूनच जेवण घ्यावं लागेल?
३. भांडी, गॅस, गाद्या, पाणी, सफाई भाड्यात धरलेत की वेगळे?
४. वीज गेली तर जनरेटर आहे का, डिझेल कोणाचं?
५. अनामत किती आणि परत कधी मिळणार?
६. तारीख बदलली तर पैशांचं काय?

उत्तरं पावतीवर लिहून घ्या. तोंडी बोलणं लग्नाच्या दिवशी कोणालाच आठवत नाही. देवळातल्या विधीचं शुल्क मंदिराच्या कार्यालयात विचारून तिथेच पावती फाडा, दारातल्या मध्यस्थाच्या हातात नोटा देऊ नका.

जेवण

आधीच सांगतो, पापलेट-कोळंबीची अपेक्षा ठेवू नका. धर्मशाळेत शाकाहारीच चालतं. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन शहरात दारूविक्रीही बंद आहे. काही पाहुणे नाराज होतील, पण लग्नाच्या हिशेबात ‘बाटली’ची ओळ कोरी राहते. ती ओळ किती मोठी असते, ते ज्याने पैसे भरलेत त्याला विचारा.

माळव्याचं लग्नाचं जेवण म्हणजे दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे. सोबत डाळ, कढी, चटणी आणि लाडू. सकाळी पोहे-जिलेबी. ताटाच्या भावावर केटरर लावण्याऐवजी हलवाई मजुरीवर ठरवा आणि किराणा स्वतः भरा. बर्फ-डिझेलची खरेदी करणाऱ्या माणसाला हे जड नाही.

एक अंदाज

नुसतं उदाहरण म्हणून बघा. गावात ८०० माणसं, ताट ४५० रुपये, म्हणजे ३ लाख ६० हजार फक्त जेवणाचे. हॉल, डेकोरेशन, डीजे अजून बाकीच. आता ५० माणसं घेऊन उज्जैनला गेलात, दोन दिवसांत सहा वेळचं खाणं-पिणं, माणशी दर वेळी सरासरी १५० धरले तरी ४५ हजार होतात. त्यात गाडीभाडं आणि खोल्या मिळवा. बेरीज स्वतः करा.

पण खरी मेख इथे आहे. उज्जैनला लग्न आणि परत येऊन गावात तेवढंच मोठं रिसेप्शन केलंत, तर खर्च दुप्पट झाला. गावजेवण टाळता येत नसेल तर एकच साधं जेवण ठेवा: समाजाच्या सभागृहात, दुपारचं, डीजेशिवाय. आधीच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे मानपानाचा रुसवा राहत नाही.

जायचं कसं आणि कागद कोणते

मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, सकाळी उज्जैनला सोडते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, त्यामुळे वऱ्हाड मोठं असेल तर रेल्वेच्या कार्यालयात एकत्र आरक्षणासाठी अर्ज करा.

मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. वयाचे पुरावे, आधार, फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं मूळ आणि झेरॉक्स दोन्ही घ्या. लग्नाची नोंदणी उज्जैनला करायची की आपल्याकडे, हे निघण्याआधी दोन्हीकडे विचारा. नंतर बँक, वारस नोंद अशा कामांत तो दाखला उपयोगी पडतो.

कोणी जाऊ नये?

घरात आजी-आजोबा अंथरुणाला असतील, त्यांना नात डोळ्यांसमोर बोहल्यावर बघायची असेल, तर लग्न गावातच लावा. मुलीला स्वतःला अंगणातली हळद हवी असेल तर तिचं ऐका. गावातही स्वस्तात होतं. जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असतात, सभागृह मिळू शकतं. विशेष मागास प्रवर्गाचा दाखला असेल तर सामूहिक विवाहासाठी कन्यादान योजनेची चौकशी करा.

आणि उज्जैनला गेलात तरी आपली रीत सोडायची नाही. हळद घरी लावा, देवक घरी बसवा आणि धवलारीण बाईंना वऱ्हाडात घ्या. एका बर्थचा खर्च आहे. चिंतामणाच्या ओसरीवर आपले धवळे घुमले तर दुसरं बँडपथक कशाला हवं?

बोट किनाऱ्याला लागली असेल तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हे वाचा. कागद-पेन घ्या. वर जमेचा आकडा लिहा, खाली खर्चाचा, आणि नवरा-नवरीलाही त्या बैठकीत बसवा. १ ऑगस्टला बोट पाण्यात जाईल तेव्हा मासळी कोणाला घालायची हे आपल्या हातात राहिलं पाहिजे. पोरीला त्याहून चांगला आहेर नाही.