पितळेत उरलेला ताण

आमच्या माजी विद्यार्थ्यांत वेल्डर, फिटर आणि अभियंते बरेच आहेत. त्यांना हा विषय नवा नाही. तो त्यांच्या आईवडिलांनाही कळावा, एवढ्यासाठी आम्ही लिहीत आहोत.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करापुढे एक कोडे पडले. साठवून ठेवलेल्या काडतुसांची पितळी कवचे पावसाळ्यात आपोआप तडकत. त्यांवर भार नव्हता, कोणी ती झाडलीही नव्हती. तडे ऋतुमानाप्रमाणे येत, म्हणून इंग्रजांनी या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हटले.

पितळेची चकती थंड असतानाच साच्यातून ओढून तिचे कवच करीत. अशा ओढण्यात धातूचे सर्व थर सारखे लांबत नाहीत. साच्यातून सुटल्यावर कमी लांबलेला थर आखडू पाहतो, अधिक लांबलेला त्याला आखडू देत नाही. एक ताणलेला, दुसरा दाबलेला, असे दोघे एकमेकांना धरून राहतात. शाळेच्या मैदानावरची रस्सीखेच आठवावी: दोन्ही संघ तुल्यबळ असले की दोर जागचा हलत नाही, पण सैलही नसतो. बाह्य भाराविना वस्तूत राहिलेल्या या ओढीस ‘अवशिष्ट ताण’ म्हणतात.

काडतुसे तबेल्यांजवळ ठेवली जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेच्या कणांमधील सांधे कुरतडी आणि ताणलेला पृष्ठभाग नेमका तेथे उकले. अमोनियाचा हा वाटा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी उलगडला. उपाय साधा होता: घडवलेले कवच सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आतील ताण उतरवणे. (ठोकून कडक झालेले भांडे पुनःपुन्हा भट्टीत घालणाऱ्या पुण्याच्या तांबटांना उष्णतेचा हा गुण पुस्तकाविना ठाऊक होता!)

वेल्डिंगमध्ये हीच ओढाताण उष्णता घडवते. वितळलेली शिवण निवताना आकसू लागते, शेजारचा थंड पत्रा तिला अडवतो. म्हणून दारे वाकडी होतात. जाड पत्रा वाकत नाही, तेव्हा ताण आतच राहतो, आणि तोच अधिक धोक्याचा.

मात्र हा ताण नेहमीच वैरी नसतो. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची काच तापवून वाऱ्याच्या झोताने मुद्दाम झटकन निववतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून आकसताना त्याला दाबून धरतो. दाबलेल्या पृष्ठभागावर चीर सहजी उघडत नाही. परंतु एकदा ती आत शिरली की सारी काच क्षणात बारीक तुकड्यांत विखुरते. म्हणून अशी काच कापणे, तिला भोके पाडणे, ही कामे ती भट्टीत जाण्यापूर्वीच उरकावी लागतात.