पदवीशिवाय कर्नलपर्यंत

मंडळी, फैजपुरात कंप्युटरवर बोलायचं आणि मोटारीचं उदाहरण द्यायचं नाही, हे आम्हाला जमणार नाही. रात्री थ्री फेज येते, मळ्यात कोणी नसतं, तरी ऑटो स्टार्टर मोटार चालू करतो. जुन्या पद्धतीच्या पीसीत बायोस असंच काम करतं. डिस्कचे पहिले ५१२ बाइट मेमरीत आणायचे, शेवटचे दोन ५५ आणि एए आहेत का ते पाहायचं आणि ताबा त्या कोडकडे द्यायचा. कोड कोणी लिहिला, तो किती शिकलाय, याची तिथे चौकशी नाही.

पुढचं केळीच्या बागेसारखं. मोटार एक, वॉल्व्ह अनेक. पाणी पाळीने द्यायचं. प्रोसेसर आणि प्रोग्राम यांचं तेच. पण प्रोग्राम आपण होऊन पाळी सोडेलच असं नाही. म्हणून टायमर ठरावीक वेळाने इंटरप्ट देतो आणि कर्नल ताबा परत घेतो.

सुरुवात सी भाषेने करा. पॉइंटर पक्के होईपर्यंत पुढे जाऊ नका. मग एक्सव्ही-६ घ्या. एमआयटीने २००६ साली शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. काही हजार ओळींचा कोड, सोबतचं पुस्तकही फुकट. ती क्वेमूमध्ये चालते, म्हणजे वेगळं मशीन नको आणि कोलमडली तरी तुमचा लॅपटॉप शाबूत.

पहिलं काम: स्वतःचा एक सिस्टीम कॉल जोडा. त्याला क्रमांक द्या, कर्नलच्या तक्त्यात त्याचं फंक्शन नोंदवा, ते फंक्शन लिहा, शेवटी साध्या प्रोग्राममधून हाक मारा. एवढ्यात यूजर आणि कर्नल यांच्यातली भिंत नेमकी कुठे आहे ते कळतं, जे नुसतं वाचून कळत नाही. पेज टेबलला वेळ लागेल. तिथे कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आता नोकरीचं. गोड बोलून उपयोग नाही. पुष्कळ ठिकाणी अर्ज पदवीच्या रकान्यापाशीच अडतो. टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स सुरू केलं तेव्हा तोही विद्यापीठात शिकतच होता, हे लपवू नये. पण लिनक्सला पॅच पाठवताना तुमचं नाव लागतं, प्रमाणपत्र नाही. ‘स्टेजिंग’ फोल्डरमध्ये अजून साफसफाई बाकी असलेले ड्रायव्हर असतात. नवख्याने तिथून सुरुवात करावी. पॅच स्वीकारला गेला, की तो तुमच्या नावानिशी, तारखेसह गिटच्या इतिहासात राहतो. मुलाखतीत तो दाखवता येतो, आणि समोरचा तो स्वतः तपासू शकतो.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी आता क्वेमू उघडा.