नागपूर ते गया : मोबाईलवरचा दीड तास आणि आपला दीड दिवस

बोधगयेला जायचं ठरलं की आपल्याकडचे तरुण आधी मोबाईलवर नागपूर ते गया हे अंतर शोधतात. उत्तर येतं : सुमारे ७३० किलोमीटर, जेमतेम दीड तास. गेल्या हिवाळ्यात याच आकड्यावर भरवसा ठेवून आमच्या गटातल्या दोघांनी तिकिटं काढली, आणि दिल्लीत त्यांचं पुढचं विमान हुकलं. ते पैसे त्यांनी तेंदूपानाच्या हंगामात राबून साठवले होते. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ.

७३० किलोमीटर हे दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर आहे. त्याला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, की वेळ निघते. त्या मार्गावर विमान जातं की नाही, हे या गणितात कुठेच नसतं. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे, पण तिथून गयेचं तिकीट शोधलं तर ते दिल्ली किंवा कोलकातामार्गेच दिसतं. दिल्लीमार्गे हवेतलं अंतर होतं सुमारे १७४० किलोमीटर, कोलकातामार्गे १४०० च्या वर. म्हणजे दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. शिवाय मधल्या विमानतळावरचा थांबा वेगळा.

आमच्या मुलांची खरी चूक इथे झाली. स्वस्त पडतं म्हणून त्यांनी नागपूर–दिल्ली आणि दिल्ली–गया अशी दोन वेगळी तिकिटं काढली. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील, तर पहिलं उशिरा पोचल्यावर पुढची सोय कंपनीला पाहावी लागते. तिकिटं वेगळी असतील तर पुढचे पैसे बुडाले असं समजा. बोधगयेचा हंगाम हिवाळ्याचा, आणि दिल्लीचं धुकंही डिसेंबर-जानेवारीतच. दोन विमानांत दोन तास ठेवून भागत नाही.

आता घरापासून मोजा. देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. चंद्रपूरहून नागपूर रस्त्याने तीन तास, गडचिरोलीहून चार. भामरागडचा माणूस मात्र आधी गडचिरोली गाठणार, तेच १८० किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो. सकाळचं विमान असेल तर त्याला आदल्या दिवशी निघून नागपुरात मुक्काम करावाच लागतो. मोबाईलला यातलं काही ठाऊक नसतं.

चंद्रपूर, राजुरा, बल्लारपूरकडच्यांनी तर विमानाआधी रेल्वेचा विचार करावा. बंगळूरहून दानापूरला जाणारी संघमित्रा एक्स्प्रेस बल्लारशाहला थांबते. तिने मुगलसराय, म्हणजे आताचं पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन, गाठायचं. तिथून गया सुमारे २०० किलोमीटर आहे आणि त्या मार्गावर गाड्या भरपूर आहेत. एक रात्र गाडीत जाते खरी, पण नागपूरचा मुक्काम, दिल्लीतला थांबा आणि तिकिटाचा खर्च धरला तर विमानाने वाचणारा वेळ फार उरत नाही. स्लीपरचं आरक्षण मात्र लवकर करा. हिवाळ्यात जागा मिळत नाही.