सायकल ट्रॅक कधी सुरक्षित ठरतो?

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून पुण्याची देशभर ओळख होती. महापालिकेने २०१७मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं प्रस्तावित आहे. ते खरोखर वापरात यायचं, तर या गोष्टी हव्यातच :

■ सलगता : ट्रॅक चौकाआधी संपला, की सायकलस्वार नेमका वळणाऱ्या बसच्या आणि मोटारींच्या मधे सापडतो. म्हणून चौकातही रंगवलेला पट्टा आणि सिग्नलला पुढे थांबण्याची जागा हवी.

■ पृष्ठभाग : उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि चाकाच्या दिशेला समांतर बसवलेल्या जाळ्या धोकादायक. अरुंद टायर त्यात अडकतो. जाळीच्या फटी चाकाला आडव्या असाव्यात.

■ अडथळे : विजेचे डीपी, झाडांचे पार, हातगाड्या आणि उभ्या दुचाकींमुळे सायकलस्वार पुन्हा रहदारीत ढकलला जातो. २०१७च्या केंद्रीय वाहनचालक नियमांनुसार सायकल ट्रॅकवर वाहन लावण्यास मनाई आहे. अंमलबजावणी रोज व्हायला हवी.

■ वेग : वेग दुप्पट झाला, की धडकेची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे गल्ल्यांमध्ये, शाळांच्या परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

■ दार : उभ्या मोटारीचं दार अचानक उघडल्याने सायकलस्वार पडतात. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडा. मान आपोआप मागे वळते, येणारी सायकल दिसते.

शाळकरी मूल एकटं, निर्धास्त जाऊ शकेल, तोच ट्रॅक पूर्ण झाला असं मानावं.