नांव एक, वर्ग अनेक

दापोली तालुक्यांतील आंजर्ले हें गांव कड्यावरच्या गणपतीमुळें दूरवर परिचित आहे. जोग नदी जेथें समुद्राला मिळते तेथें नारळी-पोफळींच्या वाड्या आणि वर डोंगरउतारावर हापुसाचीं कलमें, हा तेथील संसाराचा जुना आधार. पूर्वीं आंबा पेटींतून मुंबईस जाई आणि दलाल सांगेल तो भाव पदरांत पाडून घेऊन बागायतदार स्वस्थ बसे. आतां त्याच आंब्याचा रस डब्यांत भरला जातो, कोकमाचें सरबत बाटलींत येतें, सुकी मासळी पुड्यांत बांधली जाते. आणि समुद्री कासवांचीं पिलें पाण्यांत जातांना पाहावीं म्हणून येणाऱ्या पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोयहि घरोघर होते. ह्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर आणि दारावरच्या पाटीवर एक नांव असतें. गिऱ्हाईक तें नांव पाहून पैसे मोजतें. त्या नांवालाच कायद्यांत व्यापारचिन्ह म्हणतात; व्यवहारांत ट्रेडमार्क हाच शब्द रूढ आहे.

नांव एकदां नोंदलें कीं तें आपलें झालें, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. नांवाची नोंद नुसती होत नाहीं. ती अमुक मालासाठीं किंवा अमुक सेवेसाठीं होते, आणि तो माल कोणत्या वर्गांत पडतो हें अर्जांतच लिहावें लागतें.

एक उदाहरण कल्पावें. आंजर्ल्याच्या एका घरीं सासू-सुनांनीं वीस वर्षें आमरसाचे डबे विकून नांव मिळविलें. नोंदणीचा विचार झाला तेव्हां ‘आपला धंदा आंब्याचा’ म्हणून अर्ज केला तो ताज्या फळांच्या, म्हणजे ३१ व्या वर्गांत. पुढें घरांतल्या मुलानें कोकम सरबत काढावयाचें ठरविलें. चौकशी करतां कळलें कीं, त्याच नांवासाठीं सरबताच्या वर्गांत दुसऱ्याच कोणाचा अर्ज आधीं पडलेला आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या आमरसानें नांव झालें तो आमरसहि ३१ व्या वर्गांत बसत नाहीं! कागद हातांत होता. परंतु तो ज्या मालाचा होता तो माल त्या घरानें डब्यांत घालून कधीं विकलाच नव्हता.

ही चूक टाळावयाची तर वर्ग म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. भारतांत व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला स्वतंत्र कायदा १९४० सालीं झाला. त्याच्या जागीं १९५८ चा आला, आणि आज चालू आहे तो १९९९ सालचा. त्याचा अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून सुरू झाला. फ्रान्समधील नीस शहरीं १९५७ सालीं झालेल्या करारानें जी वर्गवारी ठरली तीच येथें वापरतात, आणि त्या करारांत भारत २०१९ सालीं रीतसर सामील झाला. आज ह्या वर्गवारींत ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ मालाचे, पुढचे ११ सेवांचे. सेवांसाठीं नांव नोंदण्याची सोय आपल्याकडे २००३ पूर्वीं नव्हतीच.

ही वर्गवारी झाड पाहत नाहीं. माल गिऱ्हाइकाच्या हातीं कोणत्या रूपानें पडतो तें पाहते. कलमावरून उतरलेला आंबा ३१ व्या वर्गांत. त्याचाच टिकविलेला रस आणि आंबापोळी २९ व्या वर्गांत, कारण तें फळ आतां प्रक्रिया केलेलें आहे. आंब्याचें पेय ३२ व्या वर्गांत, आणि आंब्याची बर्फी ३० व्या. एका कलमाचे असे चार वर्ग झाले. काजूचेंहि तसेंच: कच्चा काजू ३१ व्या वर्गांत, भाजून मीठ लावलेला २९ व्या. लोणचें २९ व्या वर्गांत, परंतु मसाला आणि कुळथाचें पीठ ३० व्या. नारळ ३१ व्या. त्याचें खाण्याचें तेल २९ व्या, केसांना लावण्याचें तेल ३ ऱ्या, काथ्याची दोरी २२ व्या आणि काथ्याचें पायपुसणें २७ व्या वर्गांत जातें. मासळीच्या बाबतींत तर मौजच आहे. जिवंत मासा ३१ व्या वर्गांत असतो. तो मेला कीं, ताजा असो वा सुका, २९ व्या वर्गांत येतो. पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय ही सेवा असल्यामुळें तिचा वर्ग ४३ वा. अनेकांचा माल एकत्र मांडून विकणारें दुकान ३५ व्या वर्गांत बसतें. परंतु स्वतःचा माल स्वतः विकणें ही वेगळी सेवा नव्हे, म्हणून त्यासाठीं मालाचाच वर्ग घ्यावा.

मग सगळेच वर्ग घेऊन टाकले तर? पहिली अडचण पैशाची. एकाच अर्जांत अनेक वर्ग मागतां येतात, पण शुल्क दर वर्गामागें पडतें. व्यक्तीला, नवउद्योगाला किंवा लघुउद्योगाला विद्युत्-मार्गानें अर्ज केल्यास तें वर्गास ४,५०० रुपये आहे, इतरांस ९,००० रुपये. चार वर्गांचे १८,००० रुपये होतात. पंचेचाळीस वर्गांचे दोन लाखांच्या वर जातात. शिवाय नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरणाचें शुल्कहि वर्गवारच भरावें लागतें.

दुसरी अडचण कायद्याची. नांव नोंदल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ त्या मालासाठीं तें वापरलेंच नाहीं, तर दुसरा कोणीहि संबंधित मनुष्य तेवढी नोंद रद्द करण्याची मागणी करूं शकतो. ह्या संबंधांत ‘चारमिनार’चा खटला प्रसिद्ध आहे. हैदराबादच्या वझीर सुलतान तंबाखू कंपनीनें हें नांव तंबाखूच्या तयार मालासाठीं सरसकट नोंदलें होतें. प्रत्यक्षांत ती काढी फक्त सिगारेटी. जर्दा व किमाम विकणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्यानें त्यास हरकत घेतली. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, एकाच मालाचा धंदा करणाऱ्यास त्या वर्गांतील सर्व मालाची मक्तेदारी मिळूं शकत नाहीं. ‘नंदिनी’ दुधाच्या खटल्यांतहि २०१८ सालीं हेंच तत्त्व लागू झालें. कर्नाटकाच्या दूध महासंघाचा विरोध असतांहि ‘नंदिनी’ नांवाच्या उपाहारगृहाला, दूध व दुधाचे पदार्थ वगळून, आपलें नांव चालू ठेवतां आलें.

उलट, वर्ग निराळा म्हणजे रान मोकळें, असेंहि नाहीं. मुंबईच्या ‘बजाज’ नांवाच्या वादांत एक पक्ष विजेच्या उपकरणांचा होता, दुसरा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा. दोन्ही वस्तु स्वयंपाकघरांतल्या आणि एकाच दुकानांत मिळणाऱ्या. म्हणून १९८७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें भांडीवाल्यास तें नांव वापरण्याची मनाई केली. त्यापूर्वीं १९५९ सालीं ‘ग्लुकोव्हिटा’ ही ग्लुकोजची भुकटी आणि ‘ग्लुविटा’ हीं बिस्किटें ह्यांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें पाहिलें तें हें कीं, बिस्किटांत ग्लुकोज पडतें, तेव्हां दोन्ही माल एकाच घरचे असें गिऱ्हाइकास वाटणें स्वाभाविक आहे. आणि बिस्किटांच्या नांवाची नोंदणी नाकारली. वर्ग हे कार्यालयाच्या सोयीचे कप्पे आहेत. न्यायालय शेवटीं विचारतें तें एवढेंच, कीं गिऱ्हाईक फसेल कीं नाहीं.

तेव्हां वर्ग निवडण्याची सरळ रीत अशी. आज कोणकोणता माल त्या नांवानें विकला जातो, त्याची यादी करावी आणि प्रत्येकापुढें पहिल्या विक्रीचें साल लिहावें. त्याखालीं पुढच्या दोन-चार वर्षांत खरोखर काढावयाचा माल लिहावा; केवळ मनोराज्यांतला लिहूं नये. मग प्रत्येक वस्तु कोणत्या रूपांत विकली जाते तें पाहून तिच्यापुढें वर्ग मांडावा. त्या वर्गांत आणि त्याच्या शेजारच्या वर्गांत मिळतेंजुळतें नांव आधीं आहे कीं काय, तें कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहतां येतें. अर्जांत ‘खाद्यपदार्थ’ असा मोघम शब्द न घालतां ‘आंब्याचा टिकविलेला रस, आंबापोळी’ असें नेमकें वर्णन द्यावें. एकदां केलेल्या अर्जांत नवा वर्ग मागाहून घुसवितां येत नाहीं. त्यासाठीं नवा अर्ज करावा लागतो आणि त्याची तारीखहि नवीच धरली जाते. पैसे थोडे असतील तर ज्या मालावर घर चालतें त्याचा वर्ग प्रथम घ्यावा.

नांव निवडतांनाहि एक पथ्य आहे. गांवाचें किंवा फळाचें नुसतें नांव एकट्याच्या मालकीचें सहसा होत नाहीं. ‘हापूस’ ह्या नांवास तर २०१८ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला असून तें रत्नागिरीसह कोंकणांतील पांच जिल्ह्यांच्या बागायतदारांचें सामाईक धन आहे. आपलें म्हणून नोंदावयाचें तें त्याच्या शेजारीं येणारें स्वतःचें नांव.

वर कल्पिलेल्या घराचें मग काय व्हावें? त्याचा मार्ग अगदींच बंद झालेला नाहीं. दुसऱ्याचा अर्ज व्यापारचिन्हांच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत हरकत घेतां येते, आणि आधींपासून नांव वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. मात्र तो वापर सिद्ध करावा लागतो. त्यासाठीं वीस वर्षांच्या पावत्या, लेबलें आणि जाहिरातींचीं कात्रणें जपलेलीं हवींत. तीं नसतील तर सासू-सुनांच्या कष्टाला साक्षीदार उरत नाहीं. म्हणून त्या घरानें आमरसासाठीं २९ व्या वर्गांतील अर्ज आजच करावा, हरकतीची मुदत शिल्लक असल्यास ती चुकवूं नये, आणि जुन्या पावत्यांची पेटी माळ्यावरून खालीं आणावी.