विश्लेषण : गरोदरपणात केसांना फाटे का फुटतात? दोष पावसाचा की अंगातल्या रक्ताचा?

आंबोलीत जूनमध्ये पाऊस लागला की धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पाऊस थांबला तरी धुके असतेच. कपड्यांची ही गत, तर कमरेपर्यंतच्या केसांचे काय होत असेल?

अशा दिवसांत सहाव्या-सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईच्या फणीत केसांचे तुकडे येऊ लागतात, टोकांना फाटे दिसतात. घरात दोन निदाने तयारच असतात. एक, बाळ आईचे सगळे सत्त्व ओढून घेत आहे. दोन, इथली हवाच तशी. दुसऱ्यात बरेच तथ्य आहे. पहिल्यातही थोडे आहे, पण त्याचा पुरावा केसाच्या टोकात शोधून सापडणार नाही.

केसाचे टोक किती जुने?

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब केसाचे टोक तीन वर्षांहून जुने असते. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत तयार झालेला केस फार तर मुळापासूनचा वीतभरही नाही, त्याच्या निम्मा म्हणा. फाटे फुटलेले टोक डोक्यातून बाहेर आले तेव्हा कदाचित लग्नही झालेले नसेल. त्यानंतर त्याने उन्हाळे, पावसाळे, घट्ट वेण्या, लग्नातले स्ट्रेटनिंग असे सगळे सोसलेले असते.

शिवाय त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्यात रक्त जात नाही. त्यामुळे आज खाल्लेली गोळी किंवा लाडू टोकापर्यंत पोहोचत नाही आणि फुटलेला फाटा कोणत्याही तेलाने सांधला जात नाही. जाहिरातीतली सीरम त्याला काही तास चिकटवून ठेवतात, एवढेच. फाट्याच्या थोडे वर कापणे हा एकच उपाय आहे. न कापल्यास ती चीर वर सरकत जाते आणि केस अधिक वरून तुटतो. गरोदर बाईने केस कापू नयेत, असे अनेक घरांत मानतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. सासूबाईंचे मन मोडवत नसेल, तर दोन सेंटिमीटरची छाटणी कोणाच्या लक्षातही येत नाही.

गळणे की तुटणे?

हा फरक घरच्या घरी पाहता येतो. फणीतला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळासकट आला आहे, म्हणजे गळाला आहे. गाठ नसेल आणि केस आखूड असेल, तर तो मधेच तुटला आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे नेहमीचेच. गरोदरपणात, विशेषतः चौथ्या महिन्यापुढे, इस्ट्रोजेन वाढल्यामुळे केसांचा वाढीचा काळ लांबतो आणि गळती उलट कमी होते. अनेकींना केस दाट वाटतात ते यामुळे. पण न गळालेले हे केस जुनेच असतात. तेही विंचरले जातात, गुंततात आणि तुटतात.

म्हणून या महिन्यांत नुसते तुकडे येत असतील, तर कारण बहुधा बाहेरचे असते. मुळासकट केस मूठमूठभर येत असतील, तर मात्र कारण शरीरात शोधावे लागते.

ओल्या हवेचा वाटा

केसावरचे आवरण कौलारू छपरासारखे असते, एकावर एक चढवलेल्या बारीक खवल्यांचे. कौल सरकले की पाणी आत शिरते, तसेच इथेही होते. पाण्याने केस फुगतो, वाळल्यावर आकसतो. असे पुन्हा पुन्हा झाले की खवले उचलले जातात. ओला केस जास्त ताणला जातो आणि त्याच अवस्थेत ओढला तर तुटतो. आंबोलीसारख्या गावात पावसाळ्यात केस तासन् तास ओलसर राहतात आणि कामाच्या घाईत त्यांचा तसाच अंबाडा घातला जातो. आधीच मऊ पडलेल्या केसांवर रबराचा ताण येतो, तोही रोज त्याच जागी.

उपाय खर्चाचे नाहीत. रोज न्हाण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पुरे. पंचाने खसाखसा न पुसता टिपून घ्यावे, जुना सुती पंचा टॉवेलपेक्षा बरा. निम्मे वाळल्यावर रुंद दातांच्या फणीने आधी टोके, मग वर असे विंचरावे. चुलीजवळ बसून केस वाळवण्याची सवय गरोदरपणात सोडलेली बरी. केसांपेक्षा त्या धुराचा त्रास बाई आणि बाळाला जास्त.

तेलाने काय होते?

कोकणात याचे उत्तर खोबरेल हेच असणार आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा या विषयावरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांच्या तुलनेत केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाल्याचे त्यात दिसले. खोबरेलातले लॉरिक आम्ल आकाराने लहान असल्याने केसाच्या आत शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो अभ्यास वाचावा. न्हाण्याच्या काही तास आधी चमचा-दोन चमचे तेल लांबीला आणि टोकांना लावले की पुरते. माका, जास्वंद घातलेले तेलही असेच बाहेरून राखण करते. कोंडा असेल, तर टाळूवर तेल थापू नये.

रक्ताकडे कधी पाहायचे?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय आढळला, देशात हे प्रमाण ५२.२ टक्के होते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि सातच्या खाली गेले की तो तीव्र असतो. लोह कमी पडले तर नवा केस बारीक येतो, गळती वाढते. पण केस हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग. रक्तक्षय असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडाही रक्तस्राव झेपत नाही. घाटमाथ्यावरच्या गावातून रुग्णालयासाठी सावंतवाडीला उतरायचे आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळलेली असू शकते, हे गृहीत धरले तर हिमोग्लोबिनचा आकडा सातव्या महिन्यापूर्वीच माहीत असायला हवा.

केसांबरोबर धाप, छातीत धडधड, खालच्या पापणीच्या आत फिकेपणा, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे यांपैकी काही असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. केस कोरडे, सोबत थंडी सोसत नाही, आवाज जड, असे असेल तर थायरॉइडची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते.

चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती चहासोबत घेतली की लोह नीट शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, दोन तासांचे अंतर हवे. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर उत्तम. शौच काळसर होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नये.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या मासळीतली प्रथिने ताटातून जातात. सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाब असलेल्यांना ती चालत नाही. कुळथाची पिठी, अंडी, डाळी यांनी ती जागा भरता येते. नाचणी आहेच.

काय टाळायचे?

केस सरळ करणारी, फॉर्मल्डिहाइड सोडणारी केराटिन ट्रीटमेंट या काळात नको. काळ्या मेंदीत अनेकदा पीपीडी हे रसायन असते, साधी मेंदी चालते. मिनॉक्सिडिल गरोदरपणात वापरत नाहीत. ‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतले जादा ‘अ’ जीवनसत्त्व गर्भाला घातक ठरू शकते आणि जास्त मात्रेतले बायोटिन थायरॉइडच्या चाचणीचा आकडाच चुकवू शकते. तपासणीआधी अशी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे.

बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी, थांबून राहिलेले केस एकदम गळू लागतात. बाळाचे जावळही साधारण याच सुमारास विरळ होते. आईची ही गळती बहुतेकींत वर्षभरात भरून येते. लोहाची गोळी मात्र बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते.