सहकारी पत्तेखेळ: हलके आणि भारी
ज्या पत्तेखेळात खेळाडू परस्परांविरुद्ध न लढता खेळाने उभ्या केलेल्या अडचणींशी मिळून झुंजतात आणि एकत्रच जिंकतात वा हरतात, त्याला सहकारी खेळ म्हणतात. आंत्वान बोझा यांच्या ‘हानाबी’त (२०१०) स्वतःचे पत्ते फक्त इतरांना दिसतात आणि मोजक्या सूचनांच्या आधारे पाच रंगांचे पत्ते चढत्या क्रमाने लावायचे असल्याने तो अर्ध्या तासात आटोपतो आणि मुलांसह साऱ्या घराला जमतो. उलट ‘आर्कहॅम हॉरर’च्या पत्तेखेळात (२०१६) प्रत्येकाला आपला पत्त्यांचा संच आधी जुळवता येतो आणि एका प्रसंगातील निर्णयांचे परिणाम पुढील प्रसंगांत भोगावे लागतात, म्हणून तो नियमित भेटणाऱ्या छोट्या, चिकाटीच्या गटालाच मानवतो. खेळ निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा गटाचा वेळ आणि स्वभाव पाहावा.